मागीलदारचे वाटे

मराठीत शिकारीवर पुष्कळ लिहून झालं आहे. मचाण, हाकारे, काळोखात चमकणारे डोळे, नेम, चुकलेला बार. या गोष्टी बहुतेक जनावर पडलं की संपतात. आमच्या घरातल्या बायकांचं काम मात्र तिथून सुरू व्हायचं. ऐंशी-नव्वद किलोचं रानडुक्कर घराच्या मागीलदारी येऊन पडलं आहे, दिवस मावळतीला आलाय, घरात बर्फ नाही, वीज नाही, आणि उद्या दुपारपर्यंत त्यातला तुकडाही वाया जाता कामा नये. हे कसं पार पाडायचं याचं शास्त्र होतं, ते कुणी लिहून ठेवलं नाही, आणि आता ते जाणणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणून ही हकिकत.

आमचं गाव फोंडा घाटाच्या पायथ्याशी. जिल्हा तेव्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला 1981 साली. घाट चढून वर गेलं की दाजीपूर. ते रान कोल्हापूरच्या छत्रपतींचं राखीव शिकारीचं, आणि 1958 पासून गव्यांचं अभयारण्य. म्हणजे आमच्या डोक्यावर राजांची शिकार आणि पायाशी आमची. राजांच्या शिकारीचे फोटो निघाले, मुंडकी भिंतीवर लागली. आमच्याकडे भिंतीवर काही लागत नसे. मुंडीचा रस्सा होत असे.

डुक्कर मारायचं ते हौसेपेक्षा भातासाठी. आश्विनात भाताच्या लोंब्या दुधावर आल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत मळा लोळवतो. खातो थोडं, तुडवतो जास्त. रताळ्याचा वाफा तर नांगरल्यासारखा करतो. म्हणून भातं पोसवल्यापासून कापणीपर्यंत घरातला एकेक पुरुष मळ्यातल्या माळ्यावर झोपायचा, पत्र्याचा डबा बडवायचा, कूक घालायचा. गावात परवान्याच्या दोन बंदुका होत्या, दोन्ही ठासणीच्या: दारू ठासायची, छर्रे भरायचे, केप बसवायची आणि मग देवाचं नाव घ्यायचं. बंदूक ज्यांची, त्यांना जनावर दिसेलच असं नाही. म्हणून कापणी उरकल्यावर सगळ्या वाड्यांनी मिळून रान काढायचं. पोरंटोरं आणि कुत्री हाकाऱ्याला, बंदूकवाले जनावराच्या वाटेवर बसलेले. शिमग्याच्या दिवसांत काही गावांत देवाच्या नावानेही पारध निघे. दहा वेळा रान काढावं तेव्हा दोन-तीनदा काही हाती लागायचं. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘पूर्वी रोज शिकार असायची’ असं सांगणारे म्हातारे मला भेटतात. रोज नव्हती. रोज पेज आणि खारा बांगडा होता.

जनावर पडलं की त्याचे पाय केवणीच्या सालीने बांधून, मधून बांबू घालून चौघे जण खांद्यावरून आणायचे. ते पुढच्या अंगणात, तुळशीसमोर कधी ठेवायचे नाहीत. आमच्या घरी जागा ठरलेली होती, मागीलदारी फणसाखाली, विहिरीपासून दहा-बारा पावलांवर. रक्त विहिरीकडे वाहू नये म्हणून उतार पलीकडे होता. तिथे ओळीने केळीची पानं अंथरलेली असायची. चिंचेच्या लाकडाचा एक ठोकळा कायमचा तिथेच पडून असे. चिंचेचं लाकूड घावाखाली फुटत नाही आणि त्याचा भुसा मांसात येत नाही, म्हणून खाटीकही तेच वापरतात.

पहिलं काम पोट रिकामं करण्याचं. बाहेर ऊन असलं तर रानातच करून यायचे, नाहीतर घरी आल्या आल्या. उशीर झाला की पोटातली उष्णता मांसात उतरते आणि वास लागतो. हे काम काकाचं. सुरीचं टोक वर ठेवून, दोन बोटं आत घालून, फक्त कातडी उचलून तो चीर द्यायचा, आतडं न फाटता. मग काळजाला चिकटलेलं पित्त. आजी चार हातांवर उभी राहून दर वेळी तेच वाक्य म्हणायची, “पित फुटला तर कुत्रोसुद्धा तोंड लावचो नाय.” काका चाळिशी ओलांडलेला माणूस, पण त्या क्षणी तोंडातली विडीसुद्धा बाजूला ठेवायचा.

त्यानंतर भाजणं. माडाची सुकी चुडतं पेटवून डुकराच्या अंगावरून फिरवायची, राठ केस जळेपर्यंत. त्याचा वास गावभर जायचा. डुक्कर पडलं ही बातमी सांगायला वेगळा माणूस लागत नसे. मग बोथट कोयत्याने काळं खरडायचं, पाणी ओतायचं, परत खरडायचं, कातडी पिवळट गोरी होईपर्यंत. भेकर किंवा ससा असला तर कातडी सोलून काढतात. डुकराची ठेवतात, कारण तिच्याखालच्या चरबीतच चव आहे.

पुढे कॉलेजात असताना ‘मानसोल्लासा’ची ओळख झाली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेला हा संस्कृत ग्रंथ. राज्य कसं करावं इथपासून जेवण कसं करावं इथपर्यंत त्यात सगळं आहे. त्यात डुकराचे केस काढायच्या दोन रीती दिल्या आहेत: अंगावर कापड टाकून वर कढत पाणी ओतायचं, किंवा गवताच्या जाळावर केस जाळायचे. मला हसू आलं. आमच्या काकाने सोमेश्वराचं नाव ऐकलेलं नव्हतं, आणि सोमेश्वराने स्वतः कधी कोयत्याने डुक्कर खरडलं असेल असं मला वाटत नाही. कुणीतरी खरडत होतं, राजाच्या लेखनिकाने बघून लिहून घेतलं. त्या कुणाचं नाव ग्रंथात नाही. त्याच्याही मागे जायचं तर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांजवळ हरणांसारख्या रानटी जनावरांची हाडं सापडली, त्यांतली काही भाजलेली, काहींवर कापल्याच्या खुणा. शेती करणारा माणूस रानाकडेही हात पसरत होता. शेवटच्या काळात पाऊसपाणी कमी झालं तसा तो हात जास्त पसरला असं अभ्यासक मानतात.

आता मुख्य गोष्ट, वाटे.

ऐंशी किलोच्या डुकराचं खाण्याजोगं पन्नासेक किलो होतं. एका घराला ते दोन दिवसांत संपवता येणं शक्य नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते खाता येणं शक्य नाही. त्यामुळे आज माझ्याकडचं तुला, पुढच्या वेळी तुझ्याकडचं मला, हीच आमची साठवणूक. लोक याला गावाचं मोठं मन म्हणतात. मन होतंच, पण त्याच्या खाली हा साधा हिशोब होता, आणि हिशोब होता म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

आमच्या भागातले बावीस वाटे. मांडीचं मांस एकाला आणि बरगडी दुसऱ्याला असं चालत नसे. प्रत्येक भाग आधी बावीस तुकड्यांत करायचा, मग प्रत्येक पानावर थोडी मांडी, थोडी बरगडी, काळजाचा तुकडा, चरबीची पट्टी, हाड. मोठी हाडं कुऱ्हाडीने, बाकी कोयत्याने, आणि बारीक काम बायका आडाळ्यावर बसून करायच्या. आई आडाळ्यावर पाय दुमडून बसली की दीड तास उठायची नाही. मुलांकडे माश्या वारायचं काम, निगडीची फांदी घेऊन. अंधार पडला की ग्यासबत्ती धरायची, आणि ती धरलेला हात हलला की ओरडा खायचा. सगळ्यांत घाणेरडं काम आतडी आणि पोट धुवायचं. ते व्हाळावर, वाहत्या पाण्यात, राख लावून, आतली बाजू उलटून. ते धाकट्या काकीकडे आलं, कारण घरात ती शेवटची आली होती.

पानं मांडून झाली की एका मुलाला पाठमोरं उभं करायचं. काका एका पानाला बोट लावून विचारायचा, “ह्यो वाटो कोणाचो?” मुलाने न बघता घराचं नाव घ्यायचं. त्याने घेतलं ते त्या घराचं. मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून मिसरूड फुटेपर्यंत पाठमोरा उभा राहिलो आहे. कुणी कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही. कुरकुर व्हायची ती जादा वाट्यांवरून: ज्याचा बार लागला त्याला मुंडी आणि एक मागचा पाय, पण दोन बार लागले असले तर? छर्रे कुणाचे, हे जखमेवरून ठरवायला म्हातारे बसायचे. कुत्र्यांचा वाटा होता. राखणदाराचा होता, काळजाचा तुकडा निखाऱ्यावर भाजून पानावर ठेवायचा आणि तो ठेवल्याशिवाय कुणी काही तोंडात टाकायचं नाही. जी बाई एकटी आहे, ज्या घरचा माणूस मुंबईला गिरणीत आहे, त्यांचाही पुरा वाटा, हाकाऱ्याला कुणी आलं नसलं तरी.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरोबर नाही. हाकाऱ्याला महारवाड्यातली माणसं असायची, आणि रानातली सर्वांत धोक्याची बाजू, जाळीत शिरायची, बहुतेक त्यांच्याकडेच. त्यांचा वाटा इतरांएवढाच असे; पाठमोऱ्या मुलाने त्यांचीही नावं घ्यायची. पण त्यांची पानं गडग्यापलीकडे नेऊन ठेवायची आणि त्यांनी तिथून उचलायची. वजनात भेद नव्हता, जागेत होता. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा असलेला तिथला एक मुलगा पाचवी-सहावीत गेल्यावर पान घ्यायला यायचाच बंद झाला. त्याचा बाप यायचा. तो मुलगा का येत नाही, हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही. त्या काळच्या समतेच्या गोष्टी सांगताना आमचे लोक हा गडगा विसरतात.

वाटा घरात आला की सूत्रं आजीकडे. आजी माळकरी. पंढरीला जाऊन आल्यापासून तिने मासळीसुद्धा सोडली होती. पण मांसाचं काय करायचं, किती आज रांधायचं, किती ठेवायचं हे तिच्याशिवाय कुणाला ठरवता येत नसे. शिवायची नाही, लांब पायरीवर बसून नाकाने सांगायची. रांधणं मागीलदारच्या तीन दगडांच्या चुलीवर, कारण आतल्या चुलीच्या भिंतीपलीकडे देव. पहिल्या रात्री काळीज आणि बारीकसारीक, नुसतं मीठ, हळद, मिरी लावून तव्यावर. दुसऱ्या दिवशी हाडांचा रस्सा, सुकं खोबरं आणि कांदा भाजून, धणे-मिरी-लवंगेचं वाटप. रानातलं मांस चिवट, म्हणून कच्च्या पपईची फोड आत. आणि शिजवणं दोन-अडीच तासांच्या आत नाही. “अजून चरबी सुटूक नाय, झाकण घाल,” असं आजी पायरीवरून सांगायची. डुकराचं मांस अर्धकच्चं राहिलं तर पोटात जंत होतात, हे तिला माहीत होतं. पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

शिकार बहुतेक रविवारी, कारण शाळामास्तर आणि पोस्टातले त्या दिवशी मोकळे. आणि दुसरा दिवस सोमवार, शंकराचा. म्हणजे जनावर रविवारी संध्याकाळी आलं तर चूल एक रात्रच चालणार. मग आजीचा हुकूम, सगळं वाळवणीला. मांसाच्या बोटभर जाडीच्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मिठाच्या पाण्यात एक उकळी काढायची, निथळायच्या, परत मीठ चोळायचं आणि आंबाडीच्या दोरीत ओवून चुलीच्या वर टांगायच्या. दिवसा ऊन, रात्री धूर. आठ दिवसांत पट्ट्या लाकडासारख्या वाजायच्या. घाटावर, मराठवाड्याकडे मांस असं वाळवून त्याच्या चान्या करतात. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नव्हतं, नुसतं ‘सुकवलेला’ म्हणायचे. आषाढात सलग पाऊस लागला, समुद्र बंद, मासळी नाही, भाजीला अळू आणि टाकळ्याखेरीज काही नाही, अशा वेळी दोन पट्ट्या निखाऱ्यावर भाजून, ठेचून, पेजेबरोबर. चरबी वितळवून बाटलीत भरायची. ती म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना चोळायला आणि गाड्याच्या कण्याला वंगण म्हणून. दाताखाली आलेले छर्रे मी काडेपेटीत जमवत असे. शिसं विषारी असतं हे त्या वेळी घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

कायदे त्याही काळी होतेच. बंदुकीच्या परवान्याचा कायदा 1878 चा. 1912 साली इंग्रज सरकारने रानटी पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, त्याच्या यादीत हरणं होती, गवे होते, ससेसुद्धा होते, डुक्कर नव्हतं. 1951 साली मुंबई राज्याचा कायदा आला. आमच्या मागीलदारी यांतलं काही जाणवलं नाही. जाणवलं ते दुसरंच. महायुद्धानंतर जीप आल्या, झगझगीत बॅटऱ्या आल्या, काडतुसाच्या बंदुका आल्या. शहरातले हौशी लोक रात्री घाटरस्त्याने हळू गाडी चालवत यायचे, झोतात सांबर उभं राहायचं, बार काढायचे, मांड्या कापून न्यायचे, बाकी तिथेच. सकाळी गुराख्यांना उरलेलं सापडायचं. मी आठवीत होतो तेव्हा संध्याकाळी भेकराचं भुंकणं घरात ऐकू यायचं. मॅट्रिकपर्यंत ते थांबलं होतं.

म्हणून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा यायलाच हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला त्यात परवाने घेऊन शिकार करता येत असे. 1991 च्या दुरुस्तीने तीही वाट बंद झाली. पिसोरीसारखं जनावर पहिल्या अनुसूचीत गेलं, ते योग्यच. डुक्कर, सांबर, भेकर तिसरीत होती. 2022 च्या दुरुस्तीनंतर डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी अधिकाऱ्याला कलम 11 प्रमाणे देता येते. पण अशा परवानगीने मारलेलं जनावरही कलम 39 प्रमाणे सरकारची मालमत्ता. त्याचं मांस घरी नेणं गुन्हा. यामागचं कारणही समजण्यासारखं आहे, खायची मुभा दिली तर प्रत्येक डुक्कर नुकसान करणारंच ठरेल.

समजतं, तरी त्यातून काय झालं हेही दिसतं. शिकार पूर्ण थांबली नाही, ती काळोखात गेली. काळोखात चुडतं पेटवता येत नाहीत, वास गावभर जातो. पानं मांडता येत नाहीत, बावीस घरांना हाक मारता येत नाही. तिघे-चौघे रानातच बॅटरीच्या उजेडात तोडतात, धुवायला पाणी नाही, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरतात, आणि तराजू लावतात. आमच्या मागीलदारी तराजू कधी आला नव्हता. विकलं गेलं ते मांस कुणी कसं कापलं, किती वेळ उन्हात होतं, पुरेसं शिजलं का, हे विचारणारी आजी पायरीवर नाही. एकट्या बाईचा वाटा तर कुणाच्या लक्षातही येत नाही. हाकारे बंद पडले तसा गडग्यापलीकडचा वाटाही बंद झाला. तिथली पुढची पिढी शिकून मुंबई-पुण्याला गेली, तो मुलगा बँकेत लागला, आणि त्या पानाची कुणाला गरज उरली नाही. हे एक मात्र बरं झालं.

डुकरं वाढली आहेत. का, याची कारणं गावात प्रत्येक जण वेगळी सांगतो: बिबट्या कमी, पडीक जमिनीत माजलेलं रान, माळ्यावर झोपायला घरात तरुण माणूस नाही. तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं. बंदुका अजून दोन-चार घरांत आहेत. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि परत आणल्यावर तेल लावून पुन्हा कपाटात.

मागच्या आश्विनात मी गावी होतो. आमच्या शेजारच्या मळ्यात रात्री कळप आला आणि त्यातलं एक मोठं डुक्कर कठडा नसलेल्या विहिरीत पडून मेलं. सकाळी दोर लावून वर काढलं. फोन गेला, माणसं आली, पंचनामा झाला, फोटो झाले. विहिरीपासून लांब, माझ्या पुतण्याने आणि आणखी दोघांनी कंबरभर खोल खड्डा खणला. डुक्कर आत लोटलं, वर चुना टाकला, मिठाची पोती फोडून ओतली, माती लोटली. धाकटी काकी, जी एके काळी व्हाळावर आतडी धुवायची, ती आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. काठी टेकत आली आणि खड्ड्यापासून लांब उभी राहिली.

“मीठ किती ओतलंत रे?”

“दोन पोती, आजी.”

“आमका एका डुकराक दोन शेर लागायचा,” ती म्हणाली.

मग ती घराकडे वळली आणि आम्ही खाली मळ्यात भात बघायला गेलो. तीन कुणगे आडवे झाले होते. उरलेलं भात त्या रात्री राखायचं कुणी, यावर दोघा भावांत बोलणं चाललं होतं.